जिवाणूच्या आत गेलेला विषाणू मध्येच नाहीसा होतो, तो कसा?

विक्रोळीहून अकरावीतल्या एका मुलीने विचारलंय: "पुस्तकात 'विषाणू जिवाणूत शिरतो व तेथे त्याची संख्या वाढते' एवढंच वाक्य आणि एक आकृती आहे. आत नेमकं काय होतं? विषाणूसुद्धा जिवाणूसारखे एकाचे दोन, दोनाचे चार होतात का? आणि तसं असेल तर आत्तापर्यंत सगळे जिवाणू संपले कसे नाहीत?"

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं त्यावरच उभं आहे. नाही, एकाचे दोन होत नाहीत. विषाणू वाढत नाही, जाडजूड होत नाही, मधोमध दुभंगत नाही. आत गेल्यावर तो विषाणू म्हणून शिल्लकच राहत नाही. काही मिनिटं त्या जिवाणूत शोधूनही एक विषाणू सापडत नाही, आणि मग थोड्याच वेळात शंभर-दीडशे सापडतात. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागून मला 27 वर्षं झाली, पण ही मधली रिकामी मिनिटं फळ्यावर समजावताना मला अजूनही मजा येते.

जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूंना बॅक्टेरिओफेज म्हणतात. आम्ही रोजच्या बोलण्यात नुसतं फेज म्हणतो. 1915 साली इंग्लंडमध्ये ट्वॉर्ट यांना आणि 1917 साली पॅरिसमध्ये देरेल यांना ते स्वतंत्रपणे सापडले. 'बॅक्टेरिओफेज' हे नाव देरेल यांचं. त्याच्याही आधी, 1896 साली, आग्र्याला काम करणाऱ्या हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या न उकळलेल्या पाण्यात पटकीचे जिवाणू मरतात असं लिहून ठेवलं होतं. ते काम फेजचंच होतं का, यावर आजही वाद आहे, त्यामुळे कुणी ते ठासून सांगितलं तर मान डोलवू नकोस.

आम्हाला मुंबईत फेज शोधायला गंगेवर जावं लागत नाही. जवळचा नाला पुरतो. बाटलीभर सांडपाणी आणायचं (मुलं बाटली हातभर लांब धरून, नाक मुरडत आणतात), सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गाळ खाली बसवायचा आणि वरचं पाणी 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून काढायचं. जिवाणू गाळणीत अडकतात, फेज आरपार जातात. मग कोमट, अर्धवट पातळ अगारमध्ये (जेलीसारखं थिजणारं माध्यम) ई. कोलाय हे जिवाणू आणि या गाळलेल्या पाण्याचे काही थेंब मिसळायचे, प्लेटवर ओतायचे आणि रात्रभर 37 अंशांवर ठेवायचं. सकाळी प्लेटवर जिवाणूंचा दुधावरच्या सायीसारखा पातळ, पांढुरका थर धरलेला असतो आणि त्याला मध्ये मध्ये भोकं पडलेली असतात, कसर लागलेल्या साडीसारखी. या भोकांना प्लाक म्हणतात. प्रत्येक भोकाच्या सुरुवातीला एकच फेज होता. त्याने एक जिवाणू फोडला, त्यातून निघालेल्यांनी आजूबाजूचे फोडले, असं करत मोहरीएवढी जागा साफ झाली. जुलैत आणलेल्या पाण्यात पावसाचंच पाणी जास्त, त्यामुळे प्लाक कमी येतात. मे महिन्यात प्लेट अक्षरशः चाळणी होते.

आता आत शिरू. सगळ्यांत जास्त अभ्यास झालेल्या फेजपैकी एक म्हणजे टी4, तो धरून सांगते. पुस्तकातली ती चांद्रयानासारखी आकृती त्याचीच: वर बहुकोनी डोकं, खाली नळीसारखी शेपटी, आणि शेपटीच्या तळाशी वाकलेले सहा लांब तंतू. आकारांचा अंदाज यावा म्हणून ई. कोलाय हा जिवाणू बेस्टच्या बसएवढा आहे असं धर. त्या मापाने टी4 पहिलीतल्या मुलाच्या उंचीचा. त्याचं डोकं अर्धा मीटर रुंद, आणि त्या डोक्यात कोंबलेला डीएनएचा धागा बोटाएवढा जाड आणि जवळपास साडेतीनशे मीटर लांब! हा धागा किती दाबाखाली असेल याची कल्पना कर. काही फेजच्या डोक्यातला हा दाब मोजला गेला आहे, तो हवेच्या दाबाच्या कित्येक पटींत भरतो.

टी4 ला पोहता येत नाही, वास येत नाही, तो कुणाचा पाठलाग करत नाही. पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी तो इकडेतिकडे भरकटत असतो. भरकटता भरकटता जिवाणूवर आपटला, तर लांब तंतूंची टोकं त्याच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक रेणूंना चिकटून बघतात. ही पकड सुटू शकते. तंतू एकामागून एक पुरेसे बसले, की तळाची षटकोनी पाटी चांदणीच्या आकारात उघडते, त्याखालचे आखूड तंतू घट्ट रुततात, आणि मग माघार नाही. शेपटीवरचं वेष्टण आक्रसून निम्म्याहून कमी लांबीचं होतं, त्यामुळे आतली ताठ नळी खाली रेटली जाते आणि जिवाणूचं बाहेरचं आवरण भेदते. नळीच्या टोकाशी जिवाणूची भिंत विरघळवणारं एक एन्झाइम असतं, ते पुढची वाट करून देतं. डीएनए आत जातो. डोकं, शेपटी, तंतू, सगळा सांगाडा बाहेर तसाच चिकटून राहतो. मेलेल्या जिवाणूच्या नुसत्या भिंतीच्या तुकड्यावर आपटला तरी फेज हेच करून बसू शकतो आणि डीएनए फुकट घालवतो. त्याला कळत काहीच नाही, फक्त कळ दाबली जाते.

सांगाडा बाहेर आणि डीएनए आत, हे कसं कळलं? 1952 साली हर्शी आणि चेस यांनी काही फेजच्या प्रथिनांना किरणोत्सारी गंधकाची खूण केली आणि दुसऱ्या फेजच्या डीएनएला किरणोत्सारी फॉस्फरसची. लागण होऊ दिली आणि मग सगळं चक्क स्वयंपाकघरातल्या मिक्सरसारख्या यंत्रात फिरवलं, म्हणजे बाहेर चिकटलेले सांगाडे झडून पडतील. गंधक बहुतेक बाहेर राहिलं, फॉस्फरस बहुतेक आत गेला. आनुवंशिक माहिती डीएनएमध्ये असते, या गोष्टीवर अनेकांचा विश्वास बसला तो या प्रयोगाने.

तर आता जिवाणूच्या आत फक्त एक परका धागा आहे. प्रथिनं बनवणारे रायबोसोम नाहीत, ऊर्जा तयार करायची सोय नाही, स्वतःचं असं काही नाही. पण जिवाणूचा आरएनए पॉलिमरेज, म्हणजे डीएनए वाचून त्याची कामापुरती प्रत काढणारं यंत्र, हा धागा आपला की परका हे बघत नाही. 'इथून वाचायला सुरुवात करा' अशी खूण दिसली की ते वाचतं, आणि टी4 च्या सुरुवातीच्या जनुकांपुढे ही खूण चांगली ठळक असते. त्या वाचनातून जी पहिली प्रथिनं बनतात ती घरफोडीची. काही प्रथिनं त्याच पॉलिमरेजला असं बदलतात की ते हळूहळू जिवाणूची जनुकं सोडून फेजचीच वाचायला लागतं. काही एन्झाइम जिवाणूच्या डीएनएचे तुकडे तुकडे करतात आणि त्याच्याच विटा काढून फेजच्या नव्या डीएनएला वापरतात. मग तीच कात्री फेजच्या धाग्यावर का चालत नाही? डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिन हे अक्षर टी4 साधं वापरत नाही, त्याला एक जादा रासायनिक शेपूट लावून वापरतो. कात्री साधं सायटोसिन शोधते, म्हणून स्वतःचा धागा वाचतो. ही चलाखी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसले होते.

आधी डीएनएच्या प्रती निघतात. डोकं-शेपटीची जनुकं मागाहून, उशिरा वाचली जातात. म्हणूनच ती रिकामी मिनिटं येतात. डोअरमन नावाच्या शास्त्रज्ञांनी लागण झालेले जिवाणू ठरावीक वेळाने मुद्दाम फोडून आत काय आहे ते तपासलं. पहिली दहाएक मिनिटं आत लागण करू शकेल असा एकही फेज नव्हता. आत शिरलेला मूळचाही नव्हता! तो डोकं बाहेर टाकून आलाय, नुसता धागा दुसऱ्या जिवाणूत स्वतःहून शिरू शकत नाही. त्या वेळी तिथे असते ती फक्त सूचनांची चिठ्ठी आणि ती वाचणारा कारखाना. या काळाला ग्रहणकाळ म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे.

मग जुळणी. लालबाग-परळला गणपतीच्या कारखान्यात कधी गेली असशील तर तुला हे लगेच कळेल. लहान गणपती वाढून मोठा होत नाही. हात वेगळ्या साच्यात, धड वेगळ्या साच्यात, सोंड वेगळी, आणि मग जोडकाम. टी4 ची डोकी एका बाजूला, शेपट्या दुसऱ्या बाजूला, लांब तंतू तिसऱ्या बाजूला तयार होतात. तयार डोक्याच्या तोंडाशी एक आण्विक मोटर बसते, ती ऊर्जा जाळत डीएनए आत ओढते, सेकंदाला काही शे अक्षरं या वेगाने, आणि डोकं गच्च भरलं की धागा तिथेच कापते. मग डोक्याला शेपटी आपोआप चिकटते आणि सगळ्यांत शेवटी तंतू लागतात. 1966 साली एडगर आणि वुड यांनी दाखवलं की तंतू बनवू न शकणाऱ्या फेजच्या संसर्गातले बिनपायाचे सांगाडे आणि दुसऱ्या संसर्गातले सुटे तंतू नुसते परीक्षानळीत एकत्र केले, तरी लागण करणारे फेज तयार होतात. कारागीर नाही, जिवंत पेशी नाही, तरी जोडकाम होतं. फेज जिवंत आहे का या वादात मी फारशी पडत नाही, पण कुणी विचारलंच तर हा प्रयोग सांगते.

शेवटी बाहेर पडणं. यात दोन प्रथिनं मुख्य. एक होलिन, ते जिवाणूच्या आतल्या पटलात गुपचूप साठत राहतं आणि ठरावीक वेळ आली की एकदम भोकं पाडतं. दुसरं एन्डोलायसिन, ते त्या भोकांतून बाहेर येऊन भिंत कापतं. जिवाणूच्या आत मुळातच पाण्याचा दाब जास्त असतो, भिंत कमजोर झाली की तो फुटतो. 37 अंशांवर, खायला भरपूर असताना, लागणीपासून फुटण्यापर्यंत साधारण 25 ते 30 मिनिटं लागतात. 1939 साली एलिस आणि डेलब्रुक यांनी काढलेला आलेख याचाच: बराच वेळ सपाट रेघ, मग एकदम जिन्याची पायरी. त्यातली गंमत म्हणजे, आत जुळणी चालू असताना बाहेरून आणखी टी4 येऊन आपटले, तर टी4 आपलं होलिन रोखून धरतो आणि फुटणं लांबवतो, कधी कधी तासन्‌तास. बाहेर फेजची गर्दी म्हणजे रिकामे जिवाणू कमी. मग बाहेर पडून करायचं काय? आत बसून आणखी प्रती काढलेल्या बऱ्या.

हिशोब कर. एका फेजचे अर्ध्या तासात शंभर धरले, तर दीड तासात दहा लाख. तेवढ्याच वेळात, वीस मिनिटांनी दुप्पट होणारा जिवाणू एकाचे बावीस-तेवीस होतो.

हा हिशोब मी एकदा फार महागात शिकले आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका प्रयोगशाळेत रोज संध्याकाळी ई. कोलायचा फ्लास्क लावणं माझ्याकडे होतं. रात्री नीट गढूळ दिसणारा फ्लास्क सकाळी स्वच्छ, तळाशी थोडे पांढरे धागे, वर फेस. साहेब म्हणाले, "माध्यम चुकलं असेल, पुन्हा कर." पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. चौथ्या दिवशी मी वैतागून त्या स्वच्छ पाण्याचा एक थेंब जिवाणूंच्या प्लेटवर टाकला, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी रुपयाएवढं भोक. आमच्याकडे फेज घुसला होता, बहुधा पिपेटमधून. काही फेज, उदाहरणार्थ टी1, वाळले तरी टिकतात, धुळीवर बसतात, हवेतून फिरतात. पंधरा दिवस आम्ही टेबलं, इन्क्युबेटर, दरवाजाच्या कड्यासुद्धा ब्लीचने पुसत होतो. तेव्हापासून फेजच्या खोलीतला कोट मी दुसऱ्या खोलीत नेत नाही.

तर मग जिवाणू संपले कसे नाहीत? तुझा हा प्रश्न सगळ्यांत चांगला आहे.

पहिली गोष्ट, फेज फार चोखंदळ असतो. टी4 ला ई. कोलायच्या पृष्ठभागावरचे ठरावीक रेणूच लागतात. दह्यातला जिवाणू त्याच्या लेखी भिंतीसारखा, आणि आपल्या पेशी तर त्याच्या खिजगणतीतच नाहीत. दुसरी, तो पोहत नसल्यामुळे जिवाणू विरळ झाले की भेट होणंच अवघड. तिसरी तुला प्लेटवर दिसेल: फेज जास्त पडून पूर्ण साफ झालेली प्लेट दोन दिवस ठेव, त्या स्वच्छ मैदानात एक-दोन बारीक टिकल्या उगवतात. फेज ज्याला चिकटतो तो रेणूच या जिवाणूंनी बदललेला असतो. 1943 साली ल्युरिया आणि डेलब्रुक यांनी दाखवलं की हे बदल फेज आल्यावर होत नाहीत, ते आधीपासूनच लाखो-कोट्यांत एखाद्यात झालेले असतात. फेज फक्त बाकीच्यांना बाजूला करतो. पण दार बदलणं फुकट नसतं. लॅम्डा नावाचा फेज ज्या दाराने शिरतो, त्याच दाराने जिवाणू माल्टोजची साखर आत घेतो. दार काढलं तर फेज टळला, पण ती साखरही गेली.

याशिवाय जिवाणूकडे परका डीएनए कापणारी एन्झाइम असतात, त्यांच्यातूनच पुढे जनुक अभियांत्रिकीच्या कात्र्या आल्या. आणि क्रिस्पर. ते तर दह्याच्या गोष्टीतूनच उलगडलं म्हण. मोठ्या डेअऱ्यांना फेजचा जुना त्रास आहे: विरजणातले जिवाणू फेजने मारले की टाकीभर दूध तसंच राहतं, म्हणून ते विरजण आलटून पालटून वापरतात. 2007 साली अशाच एका दह्याच्या जिवाणूवर, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसवर, सिद्ध झालं की फेजच्या हल्ल्यातून वाचलेला जिवाणू त्या फेजच्या डीएनएचा छोटा तुकडा आपल्या डीएनएमध्ये जपून ठेवतो, आणि तोच फेज पुन्हा आला की तुकडा जुळवून त्याला कापतो. पोराबाळांनाही तो तुकडा वारशात मिळतो. (घरी दही लागलं नाही तर मात्र आधी दुधाचं तापमान बघ, उगाच फेजवर ढकलू नकोस.)

आणि सगळेच फेज फोडाफोडी करत नाहीत. 1951 साली एस्थर लेडरबर्ग यांनी जगासमोर आणलेला लॅम्डा, 48,502 अक्षरांचा, दोन्ही करू शकतो. एकतर टी4 सारखा फोडतो, नाहीतर आपला डीएनए जिवाणूच्या डीएनएमध्ये ठरावीक जागी घुसवतो आणि गप्प बसतो. आपल्या जुन्या चाळीतला पोटभाडेकरूच. एक दमन करणारं प्रथिन बनवून तो स्वतःची बाकी जनुकं बंद ठेवतो, आणि जिवाणू दुभंगला की त्याचीही प्रत आपसूक निघते. एकाच जिवाणूवर बरेच लॅम्डा एकदम आले किंवा जिवाणू उपाशी असला, तर गप्प बसण्याकडे कल जास्त. पण अतिनील किरणांनी जिवाणूचा डीएनए मोडायला लागला, म्हणजे इमारतीला 'धोकादायक' अशी नोटीस लागली, की जिवाणूच्याच दुरुस्तीच्या यंत्रणेमुळे ते दमन करणारं प्रथिन तुटतं, भाडेकरू सामान बांधतो आणि जाताना इमारत पाडून जातो.

असा भाडेकरू कधी कधी घरमालकाला हत्यारही देतो. पटकीच्या जिवाणूचं जे विष माणसाला पाण्यासारखे जुलाब करवतं, त्याचं जनुक मूळचं जिवाणूचं नाही, एका तंतूसारख्या फेजचं आहे. वॉल्डोर आणि मेकॅलानोस यांनी हे 1996 साली दाखवलं. हा फेज जिवाणूला न फोडता एकेक करून बाहेर झिरपतो. घटसर्पाच्या विषाचं जनुकही असंच एका फेजचं आहे.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर पुढे बीएस्सीला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलंस की प्लाकचं प्रात्यक्षिक करायला मिळू शकतं. तोवर तुझ्या वहीतली आकृती एवढी दुरुस्त कर. पुस्तकात डीएनए आत गेल्याच्या पुढच्याच चौकटीत छोटे छोटे फेज रांगेत काढलेले असतात. ते खोड. त्या चौकटीत फक्त जिवाणूची बाह्यरेषा काढ, आत एक वळणावळणाचा धागा, बाजूला जिवाणूच्या डीएनएचे तुकडे, आणि बाहेर भिंतीला चिकटलेला रिकामा सांगाडा. खाली लिही: पहिली दहा मिनिटं, फेज शून्य.